वजनाची शस्त्रक्रिया आणि अनुभवी माणसाचा सल्ला: पुरुषांमधले गैरसमज आणि वस्तुस्थिती

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला बॅरिॲट्रिक सर्जरी म्हणतात. ती बहुधा दुर्बिणीतून होते आणि तिच्या दोन पद्धती जास्त चालतात. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा पाऊण किंवा त्याहून थोडा जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. 'बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. पोटावरची चरबी ओढून काढणारे लायपोसक्शन हा वेगळा प्रकार आहे. त्याने मधुमेह सुधारत नाही आणि भूकही कमी होत नाही.

नागपुरात धंतोली-रामदासपेठेत रुग्णालयांची दाटी आहे, त्यामुळे सर्जनची वेळ मिळणे अवघड नाही. ज्याने हे ऑपरेशन करून घेतले आहे आणि जो त्यानंतर दोन-चार वर्षे जगला-जेवला आहे, अशा माणसाशी बोलणे मात्र राहून जाते, विशेषतः पुरुषांच्या बाबतीत. इंग्रजीत याला 'पीअर सपोर्ट' म्हणतात. काही रुग्णालये त्यासाठी सपोर्ट ग्रुप चालवतात. तिथवर पुरुषाचे पाऊल न पडण्यामागे काही ठरावीक समज आहेत.

"हा बायकांचा विषय आहे."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २४.० टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. फरक जेमतेम एका टक्क्याचा आहे. तरीही जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तर या शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया निघतात. पुरुष येतात ते उशिरा, जास्त वजन आणि जास्त आजार घेऊन. आपल्याकडे सुटलेल्या पोटाचा माणूस बराच काळ 'खात्यापित्या घरचा' म्हणून कौतुकाचा विषय असतो. मित्रांच्या टोळक्यात तो 'ढोल्या' असतो, आणि थट्टा हसून सोडून द्यायची सवय एकदा लागली की त्याच मित्रांपाशी गंभीरपणे विषय काढणे जड जाते.

नागपूरकरांना खरे तर या शस्त्रक्रियेचे नाव नवे नाही. नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना सप्टेंबर २०११ मध्ये मुंबईत त्यांच्यावर ती झाली आणि तशा बातम्याही आल्या. अरुण जेटली यांनी अर्थमंत्री असताना, सप्टेंबर २०१४ मध्ये, दिल्लीत ती करून घेतली. नावाजलेल्या माणसाच्या बातमीतून किती किलो उतरले ते कळते. पहिल्या महिन्यात पाणी कसे प्यायचे ते कळत नाही.

"मनावर घेतले तर ऑपरेशन लागत नाही, लोकांना विचारणे म्हणजे हार मानणे."

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे चार हजार लठ्ठ व्यक्तींचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. निम्म्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली, बाकीच्यांना नेहमीचे उपचार मिळाले. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाचे सरासरी वजन पंधरा वर्षांत जेमतेम दोन टक्के वर-खाली झाले. इतक्या माणसांपैकी कोणी मनावर घेतलेच नसेल, असे म्हणणे धाडसाचे आहे. वजन उतरू लागले की शरीर भूक वाढवते आणि ऊर्जेचा खर्च आवरते. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग जातो, तिथेच घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक मुख्यतः तयार होते, म्हणून ऑपरेशननंतर भूक मंदावते. स्वीडनच्या त्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन मात्र बरेच उतरले आणि पुढच्या वर्षांतला त्यांचा मृत्युदरही कमी राहिला.

"सर्जनने सगळे सांगितले आहे, आणखी कोणाला काय विचारायचे?"

किती भाग कापायचा, धोका किती, कोणती पद्धत योग्य, हे सर्जननेच सांगायचे. शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्याभरात मृत्यू होण्याचे प्रमाण अनुभवी केंद्रांत हजारात एक ते तीन इतके कमी असले तरी ते शून्य नाही. गळती, रक्तस्राव, रक्ताची गुठळी या गुंतागुंती होऊ शकतात. या बाबतीत शेजारच्या अनुभवी माणसाचे मत कामाचे नाही. त्याच्याकडे दुसरी माहिती असते, आणि ती डॉक्टरांच्या छापील कागदावर एका ओळीत उरकलेली असते.

पाण्याचेच घ्या. कागदावर असते: 'दिवसभरात दीड ते दोन लिटर, घोट घोट.' सुरुवातीच्या दिवसांत औषधाच्या बाटलीवर असते तसल्या ३० मिलीच्या टोपणाने पाणी पितात. एक टोपण संपायला काही मिनिटे लागतात, आणि घाईने प्यायले तर छातीत कळ येते किंवा उलटी होते. दीड लिटर म्हणजे अशी पन्नास टोपणे. शिवाय जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, बाहेरून आलेल्या माणसाला तांब्याभर पाणी घटाघटा पिता येणार नसेल तर त्याने काय करायचे? फिरतीची नोकरी किंवा साइटवरचे काम असणाऱ्याने शस्त्रक्रिया उन्हाळ्यात ठरवावी का, हा प्रश्न सर्जनला विचारायला हवा. तो सुचतो मात्र अशा माणसाला, ज्याने एक उन्हाळा तसा काढला आहे.

दुसरे उदाहरण खर्ऱ्याचे. तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र घोटलेला खर्रा विदर्भात पानठेल्यावर सर्रास मिळतो, आणि खाणारे अनेक जण त्याला व्यसनात मोजतच नाहीत. सिगारेट ओढत नाही म्हणून फॉर्मवर 'व्यसन नाही' असे लिहून मोकळे होतात. तंबाखूमुळे जखम भरायला वेळ लागतो, आणि बायपासनंतर जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी तंबाखू पूर्ण बंद करायला सांगतात. सोडायचा म्हणजे काय, दुपारी चारला पाय ठेल्याकडे वळतात तेव्हा काय करायचे, हे ज्याने खर्रा सोडला आहे तोच नीट सांगू शकतो.

तिसरी गोष्ट पंगतीची. वऱ्हाड-नागपूरकडचा आग्रह प्रसिद्ध आहे. ताटात अर्धी वाटी वरण आणि पनीरचे दोन तुकडे घेऊन वीस-तीस मिनिटे चावत बसलेल्या पाहुण्याला यजमान सोडत नाहीत. बायपास झालेल्याने आग्रहाला बळी पडून पुरणपोळी खाल्ली तर घाम, धडधड आणि जुलाब होऊ शकतात. याला 'डम्पिंग' म्हणतात. ऑपरेशन झाल्याचे सांगायचे, की पोट बिघडल्याची थाप मारायची, की आधीच यजमानाला फोन करायचा, याची उत्तरे आहारतज्ज्ञाच्या तक्त्यात नसतात. आणि तक्ता समजून घ्यायला तरी बहुतेक घरांत बायकोला पुढे करतात. स्वयंपाक तिचा असेल, पण चहाच्या टपरीवर, सावजीच्या जेवणावळीत आणि ऑफिसच्या पार्टीत ती नसते.

"ग्रुपमध्ये बसून रडगाणे गाणे पुरुषांना जमत नाही."

महाराष्ट्रातल्या पुरुषांना हे चांगले जमते, याचा पुरावा चाळीस-पन्नास वर्षांचा आहे, फक्त तो दारूच्या संदर्भात आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मराठीतही चालतात. पुण्यात अनिल आणि अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसे नव्या रुग्णांना हात देत आली आहेत. तिथे मन मोकळे करणारे बहुसंख्य पुरुषच असतात. वजनाच्या ग्रुपमध्ये तर भावनांची चर्चा व्हायलाच हवी असे नाही. प्रथिने कशातून घ्यायची, घोरण्यासाठी दिलेले सीपॅप मशीन ऑपरेशननंतर कधी बंद झाले, कामावर कितव्या दिवशी गेलात, असल्या प्रश्नांवर तास निघून जातो.

अडचण वेगळीच असते. सभेला वीसपैकी सोळा स्त्रिया असतील तर पहिल्यांदा आलेला पुरुष दाराशी बसतो आणि चहा येण्याआधी उठतो. त्यावर सोपा उपाय आहे. समन्वयकाकडे आपल्या वयाच्या, साधारण त्याच वजनाच्या आणि तशाच कामाच्या पुरुषाचा संपर्क मागायचा आणि त्याच्याशी एकट्याने बोलायचे. त्या पुरुषाची संमती घेऊनच नंबर दिला जावा, हे ओघाने आलेच.

"वजन उतरले की दारू प्यायला हरकत नाही."

या विषयाकडे सगळ्यात कमी लक्ष दिले जाते, आणि पुरुषांसाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त प्रमाणात चढते. स्लीव्हनंतरही तसेच आढळले आहे. पूर्वी ज्या मापाने काही होत नव्हते, त्याच्या निम्म्यात नशा येते. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांमधल्या १,९४५ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दारूच्या व्यसनाशी निगडित विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेआधी ७.६ टक्के होते. पहिल्या वर्षी ते ७.३ होते, म्हणजे जवळपास तेवढेच. दुसऱ्या वर्षी ते ९.६ वर गेले. हा विकार कोणाला जास्त होतो हेही तपासले गेले. पुरुष असणे, वय कमी असणे, आधीपासून नियमित पिणे, धूम्रपान आणि बायपास यांच्या जोडीला त्या यादीत आणखी एक गोष्ट निघाली: आपण कोणाचे तरी आहोत, कोणी आपले आहे, ही भावना कमी असणे. एकटा पडलेला पुरुष जास्त धोक्यात असतो, हे इथे आकड्यांतून दिसते. धोका दुसऱ्या वर्षी वाढतो, म्हणजे अभिनंदनाचे फोन थांबल्यावर आणि तपासणीच्या भेटी विरळ झाल्यावर.

"ज्याला फायदा झाला त्याचे ऐकले म्हणजे झाले."

एकाचा अनुभव हा एकाचाच असतो. रुग्णालयाने ओळख करून दिलेला माणूस बहुधा समाधानी रुग्णांतला असतो, आणि 'आधी-नंतर'चा फोटो नेहमी दीड वर्षाच्या आसपासचा, वजन सर्वांत कमी असतानाचा. स्वीडनच्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के राहिली. म्हणून पाच वर्षे झालेला एक आणि त्रास झालेला एक, असे दोघे तरी मुद्दाम शोधावेत. नवा रुग्ण पाठवल्याबद्दल ज्याला सवलत किंवा पैसे मिळतात, त्याचा सल्ला जाहिरात समजावा.

सपोर्ट ग्रुपला जाणाऱ्यांचे वजन जास्त उतरते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण मुळात शिस्तीने वागणारी माणसेच ग्रुपला नियमित जातात, हीही शक्यता त्यात आहे. ग्रुपमुळेच वजन उतरते असा दावा करता येत नाही. व्हॉट्सॲपवर कोणी इन्सुलिनचा डोस सांगितला, किंवा 'उलट्या होतातच, थांबा' असे म्हटले, तर ते मानू नये. सतत उलट्या झाल्यास थायमिन कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. मन खचले असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. ते काम ग्रुपचे नाही.

"ऑपरेशनने मर्दानगी कमी होते."

हा प्रश्न सभेत कोणी विचारत नाही, दोघेच असले की विचारतात. लठ्ठपणातच पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन कमी झालेले असते. वजन उतरल्यावर ते साधारणपणे वाढते आणि लैंगिक तक्रारीही बऱ्याच जणांच्या कमी होतात. अशक्तपणा येतो तो प्रथिने, लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व यांच्या कमतरतेने. गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर चालू ठेवाव्या लागतात. केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात आणि बहुतेकांचे परत येतात.

"आता इंजेक्शने आली, ऑपरेशन मागे पडले."

टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजनाची इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली. ती प्रभावी आहेत, पण थांबवल्यावर उतरलेल्या वजनाचा बराचसा भाग परत येतो. कोणाला काय योग्य हे वजन, आजार आणि खर्च पाहून ठरते.

"विमा आहे, पैशाची चिंता नाही."

वैद्यकीय निकष आणि विम्याचे निकष वेगळे आहेत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) ३५ च्या वर असल्यास आजार नसतानाही शस्त्रक्रिया सुचवता येते, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून तिचा विचार करता येतो. भारतीय विमा नियामकाच्या २०१९ च्या प्रमाणित अटींमध्ये मात्र बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणे), आटोक्यात नसलेला मधुमेह यांसारखा गंभीर आजार हवा. शिवाय इतर उपाय करून ते फसलेले असावे लागतात. उंची १७० सेंटिमीटर आणि वजन १०४ किलो असलेल्या माणसाचा बीएमआय ३६ येतो. त्याला असा आजार नसेल तर डॉक्टर हो म्हणतील आणि विमा कंपनी नाही म्हणेल. फसलेल्या उपायांची नोंद म्हणजे आहारतज्ज्ञाच्या जुन्या चिठ्ठ्या आणि वजनाच्या तारीखवार नोंदी. ज्याचा दावा एकदा परत आला आहे, तो हे कागद पहिल्या भेटीपासून जपून ठेवायला सांगतो.

ही शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते. दोन-तीन जणांशी बोलण्यासाठी तारीख महिनाभर पुढे ढकलली तर बहुतेकांचे काही बिघडत नाही. संमतीपत्रावर सही केल्यानंतरही, भूल दिली जाईपर्यंत, नाही म्हणण्याचा हक्क रुग्णाचाच असतो.