वाघ आला म्हणजे गवत वाढेल का?

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडी येथे मुलांशी अन्नसाखळीविषयी बोलत होतो. फळ्यावर गवत, सांबर, वाघ हे शब्द बाणांनी जोडले होते. एका मुलीने विचारले, "वाघ गवत खात नाही, लावतही नाही. मग तो आल्याने गवताला काय फरक पडणार?"

फरक दोन मार्गांनी पडतो. शिकारी प्राणी भक्ष्याची संख्या कमी करतो. शिवाय त्याच्या भीतीने चरणारा प्राणी एका जागी फार वेळ रेंगाळत नाही. कोवळ्या रोपांना वाढायला सवड मिळते. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानातून १९२६च्या सुमारास लांडगे नाहीसे झाले होते. १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. पुढे एल्क हरणे घटली आणि काही ओढ्यांकाठी विलोची (आपल्या वाळुंजाच्या कुळातील) झुडपे उंच होऊ लागली.

पण गोष्ट येथेच संपवू नये. एल्क घटण्यात अस्वले, प्यूमा आणि माणसाने केलेली शिकार यांचाही वाटा होता. शिवाय लांडगे नसताना एल्कनी विलो खाऊन संपवली, त्यावर जगणारे बीव्हर गेले, त्यांचे बांध मोडले, ओढ्यांचे पात्र खोल गेले आणि काठचे भूजल उतरले. अशा जागी लांडगे परतूनही झुडपे पूर्ववत झाली नाहीत. साखळी तोडणे सोपे, जोडणे अवघड.

आपल्याकडे कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथे वाघ तुरळकच दिसत. नोव्हेंबर २०२५मध्ये ताडोबातील एक वाघीण चांदोलीत आणली गेली. अशा ठिकाणी आधी चितळ-सांबरे पुरेशी हवीत. नाहीतर वाघ गुरांकडे वळतो आणि किंमत गावकरी मोजतात.

वर्गाला एक प्रयोग द्या. पावसाळ्याआधी गायरानात एक मीटर लांबी-रुंदीच्या दोन जागा निवडा. एकीला काटेरी कुंपण घाला, दुसरी मोकळी ठेवा. दिवाळीनंतर दोन्हींतील गवताची उंची मोजा व रोपांचे प्रकार मोजा. असाच जोडप्रयोग माती वाहून गेलेल्या खडकाळ जागीही करा. तेथे कुंपण घालूनही फारसे काही उगवले नाही, तर मुलांना विचारा, "का?" त्या मुलीच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर त्यात आहे.