काडीपैलवानाची करामत

दोस्तांनो, रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेली जीप तुम्ही पाहिली असेलच. अंगाने काडीपैलवान असलेले ड्रायव्हरकाका गाडीखाली जॅक सरकवतात, दांडा गरागरा फिरवतात आणि काय आश्चर्य! चाक अधांतरी! काकांच्या अंगात एवढं बळ आलं कुठून?

उत्तर आहे जॅकमधल्या स्क्रूत. स्क्रू म्हणजे गुंडाळलेली उतरणच. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीला गुंडाळा. तिरकी कड अगदी आट्यांसारखी दिसेल.

आता थोडं गणित. घाबरू नका हं! समजा, मधल्या स्क्रूपासून हातापर्यंत दांडा 35 सें.मी. आहे. एका फेरीत हात 2 × 22/7 × 35, म्हणजे 220 सें.मी. फिरतो. दोन आट्यांमधलं अंतर 1 सें.मी. असेल, तर तेवढ्यात गाडी चढते फक्त 1 सें.मी.! हाताने कापलेल्या अंतराला भाराने कापलेल्या अंतराने भागलं की मिळतं वेगगुणोत्तर. इथे ते 220.

जॅकवरचा भार 440 किलो धरला, तर 2 किलोचा जोर पुरायला हवा. पण समजा, प्रत्यक्षात 10 किलोचा लागला. भाराला या जोराने भागा. आले 44. हा झाला यांत्रिक फायदा. 220 पैकी 44, म्हणजे कार्यक्षमता 20 टक्के. बाकीची 80 टक्के मेहनत घर्षणाने खाल्ली, आटे एकमेकांवर घासून तिची उष्णता झाली.

म्हणजे घर्षण चोरच की! थांबा, इथे हाच चोर पहारेकरी होतो. दांडा सोडला तरी गाडी खाली येत नाही, ती घर्षणामुळेच. स्क्रूची कार्यक्षमता 50 टक्क्यांहून कमी असली, तर भार त्याला उलटा फिरवू शकत नाही.

आणि फुकट तर काहीच मिळालं नाही. गाडी 10 सें.मी. उचलायला काकांचा हात 22 मीटर फिरला! यंत्र जोर वाचवतं, काम वाचवत नाही.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. घर्षण स्क्रूला धरून ठेवतं, गाडीला नाही. जमीन भुसभुशीत असली किंवा गाडी जरा सरकली, तर जॅक कलंडतो. म्हणूनच बाकीच्या चाकांना दगड लावतात. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. चेंडू आत गेला तरीसुद्धा!