व्हेनिसमध्ये परवडणारे हॉटेल निवडताना

आपल्या मंडळातील बऱ्याच सभासदांची मुले हल्ली जर्मनी, नेदरलँड्सकडे स्थायिक आहेत. मुलांकडे गेले की दोन दिवस व्हेनिस बघून यावे असे प्रत्येकाच्या मनात येते, आणि हॉटेलचे दर बघितले की तो विचार मागे पडतो. आम्ही दोघे दोनदा जाऊन आलो. निवृत्तिवेतनात बसेल अशी खोली तिथे मिळते, पण शोधताना आपल्याकडचे निकष चालत नाहीत.

पहिला प्रश्न मेस्त्रेचा. मेस्त्रे हा व्हेनिसचाच मुख्य भूमीवरचा भाग. तिथून रेल्वेने दहा-बारा मिनिटांत बेटावरच्या सान्ता लुचिया स्थानकात पोहोचता येते. खोल्या तिथे स्वस्त, इमारती नव्या, लिफ्ट बहुधा असते. पण बँकेत आयुष्य गेल्यामुळे आम्ही आधी हिशेब मांडला. समजा मेस्त्रेत खोली ८० युरोला आणि बेटावर सान मार्को चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर १२० युरोला आहे. दोन रात्रींचा फरक ८० युरो. आता मेस्त्रेहून दोघांचे दोन दिवसांचे रेल्वेभाडे साधारण १२ युरो. स्थानकापासून चौकापर्यंत गुडघे दुखणाऱ्याने पूल चढत-उतरत चालू नये, म्हणजे वापोरेत्तो, तिथली जलबस, आलीच. तिचे एकेरी तिकीट ९.५० युरो, ४८ तासांचा पास ३५ युरो, दोघांचे ७०. एकूण ८२. बेटावर राहिलात तर येता-जाता सामानासह जलबसचे ३८ युरो पुरतात. म्हणजे ८० पैकी ४४ गेले, हाती राहिले ३६. दर बदलत असतात, आकडे आपापले घालावेत, पण पद्धत हीच ठेवावी.

त्या ३६ युरोंच्या बदल्यात काय जाते? दिवसाची गर्दी संध्याकाळी ओसरते. सकाळी सातला चौक जवळजवळ रिकामा असतो. शिवाय दुपारी जेवून तासभर आडवे होता येते, हे आमच्या वयाला फार मोलाचे. तरुण कुटुंबाने खुशाल मेस्त्रेत राहावे. साठीपुढच्यांनी शक्यतो बेटावर.

बेटाचे सहा विभाग आहेत. सान मार्को महाग. कान्नारेज्जोमधला लिस्ता दि स्पान्या हा रस्ता स्थानकाला लागूनच आहे. तिथून गुल्ये पुलापर्यंत एकही पूल ओलांडावा लागत नाही, म्हणून जड बॅगा असतील तर तो सोयीचा, जरी दुकानांच्या गजबजाटात व्हेनिसचा डौल तिथे कमीच जाणवतो. आम्हाला आवडला तो कास्तेल्लोचा पूर्वेकडचा भाग. तिथला व्हिया गारिबाल्दी हा कालवा बुजवून केलेला रुंद रस्ता. सकाळी भाजी घेणारी स्थानिक माणसे दिसतात आणि सान मार्को चौकापर्यंत पाण्याच्या कडेने चालत जाता येते. दोर्सोदुरोमध्ये सान्ता मार्गेरिता चौकाच्या अगदी वर खोली घेऊ नये. विद्यार्थ्यांचा अड्डा आहे, झोप लागणार नाही.

शहरात चारशेच्या आसपास पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. चाकांची बॅग तिथे हातात उचलावी लागते. म्हणून हॉटेल जलबसच्या कोणत्या थांब्यापासून किती पुलांवर आहे हे आधी ईमेल करून विचारा. नकाशावरचे मीटर फसवतात. पत्ताही रस्त्याने नव्हे, तर विभागाचे नाव आणि हजारांतला घर क्रमांक असा असतो, त्यामुळे थांब्यापासूनचा मार्ग लिहून मागवावा.

लहान हॉटेले जुन्या घरांत असतात, आपल्याकडच्या जुन्या वाड्यांसारखे अरुंद, उभे जिने. लिफ्ट आहे का, खोली कितव्या मजल्यावर, स्नानगृह स्वतंत्र की सामायिक, उन्हाळ्यात जात असाल तर वातानुकूलन चालू असते का, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका. कालव्याकडची खिडकी फोटोत छान दिसते. पहाटे मालवाहू बोटींची घरघर आणि उन्हाळ्यात डासही तिथूनच येतात. अंगणाकडची खोली स्वस्त असेल तर आम्ही तीच घेतो. काही मठ-संस्थांच्या अतिथीगृहांतही खोल्या मिळतात. स्वच्छ आणि शांत, मात्र रात्री दरवाजा ठरावीक वेळी बंद होतो.

फेब्रुवारीतला कार्निव्हल टाळावा. नोव्हेंबर आणि कार्निव्हलपूर्वीचा जानेवारी सर्वांत स्वस्त. शरद-हिवाळ्यात भरतीचे पाणी रस्त्यावर येण्याची भीती असे. २०२० पासून समुद्रमुखावरचे मोझे बांध वर उचलले जातात, त्यामुळे ती बरीच कमी झाली आहे. तरी तळमजल्याची खोली नकोच.

दर बघताना पर्यटक कर वेगळा धरावा. तो माणशी, दर रात्री, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे, पहिल्या पाच रात्रींपुरता असतो आणि बहुधा हॉटेलातच भरायचा असतो. दहा वर्षांखालील मुलांना माफ. २०२४ पासून ठरावीक दिवशी एक दिवसाच्या पाहुण्यांना प्रवेशशुल्क लागते. मुक्कामी पाहुण्यांना, मेस्त्रेतल्यांनाही, ते नाही, पण सवलतीची नोंद ऑनलाइन करून क्यूआर कोड जवळ ठेवावा.

शेंगेन व्हिसासाठी बुकिंग दाखवावे लागते, तेव्हा मोफत रद्द करता येणारेच घ्यावे, थोडे महाग पडले तरी. आणि कार्ड यंत्राने ‘रुपये की युरो’ असे विचारले तर युरोच निवडावे. रुपयांत वळवण्याचा दर यंत्रवाल्याचा असतो आणि तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो.