कार्यालयीन आज्ञावलीसंच, मुक्त

पत्रलेखन, कोष्टकी गणना, सादरीकरण इ. कार्यालयीन कामे संगणकावर करण्यासाठी एकत्र जुळविलेल्या आणि ज्यांची मूळ संहिता पाहण्यास, बदलण्यास व वाटण्यास कोणासही मोकळीक असते, अशा आज्ञावलींचा समूह. लिनक्स या परिचालन प्रणालीवर लिब्रेऑफिस हा संच प्रामुख्याने वापरतात. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९९ मध्ये स्टारडिव्हिजन ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि तिच्या स्टारऑफिस संचाची संहिता २००० मध्ये खुली केली. तीतून ओपनऑफिस व त्यापासून २०१० मध्ये लिब्रेऑफिस हे संच निर्माण झाले.

स्थापना : लिनक्सच्या पुष्कळ वितरणांत हा संच मुळातच असतो. नसल्यास वितरणाच्या भांडारातून तो पॅकेज-व्यवस्थापक या आज्ञावलीच्या साहाय्याने घेतात. व्यवस्थापक भांडाराची सूची अद्ययावत करतो, संचाला लागणारी पूरक पॅकेजे शोधतो, डिजिटल स्वाक्षरी पडताळतो व फायली योग्य स्थानी ठेवतो. या कामी प्रशासकाचा परवलीचा शब्द द्यावा लागतो.

मराठी लेखनासाठी एवढे पुरेसे नसते. मराठी आदेशसूचीसाठी भाषा-पॅकेज, देवनागरी युनिकोड टंक आणि इनस्क्रिप्ट वा अन्य कळफलक यांचीही स्वतंत्रपणे योजना करावी लागते. देवनागरीत अक्षरे साठविण्याचा व दिसण्याचा क्रम एकच नसतो : ‘कि’ मध्ये वेलांटी नंतर साठविली जाऊनही आधी दिसते, रफार पुढील अक्षरावर चढतो, ‘दुसऱ्या’ मधील अर्धा र निराळेच रूप घेतो. ही जुळणी करणारी यंत्रणा नसल्यास मजकूर तुटक व अशुद्ध दिसतो.

लिनक्सवरील ही उणीव दूर करण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक मुंबईत जुहू येथे झाला. तेथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने ‘इंडिक्स’ या प्रकल्पात अक्षरजुळणीची सोय लिनक्सच्या चित्रमय पडद्याच्या पायाभूत थरातच केली. त्यामुळे प्रत्येक आज्ञावलीत ती निराळी करण्याची गरज उरू नये, हा त्यामागील विचार होता. सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी याच केंद्रात काम करताना ‘रघू’ हा मुक्त टंक घडविला. हे केंद्र २००३ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्रात विलीन झाले. पुढे ही जुळणी सामाईक ग्रंथालयांकडे गेली. लिब्रेऑफिसमध्ये २०१७ पासून सर्व परिचालन प्रणालींवर ती हार्फबझ हे ग्रंथालय करते.

जुने दस्तऐवज : युनिकोडपूर्व टंकांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेले असत. तो टंक नसलेल्या संगणकावर असा मजकूर निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो. नवा संच बसविल्याने हा दोष जात नाही. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासावा लागतो. रूपांतरानंतर तो ओपनडॉक्युमेंट (आंतरराष्ट्रीय मानक २६३००, २००६) या खुल्या स्वरूपात ठेवल्यास तो वाचण्यासाठी कोणा एका कंपनीवर अवलंबून राहावे लागत नाही. स्थापना पूर्ण झाल्यावर ‘कीर्ती’, ‘दुसऱ्या’, ‘स्त्रिया’ असे शब्द लिहून, मुद्रित करून व फाईल पुन्हा उघडून पाहणे हितावह असते.