मायटोकॉन्ड्रिया नसलेल्या पेशींची ऊर्जा

लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत एक समीकरण फार लवकर पाठ होतं: मायटोकॉन्ड्रिया नाही, म्हणजे ऑक्सिजनचा वापर नाही, म्हणजे ग्लुकोजच्या एका रेणूमागे निव्वळ 2 एटीपी. तांबड्या रक्तपेशीपुरतं ते खरं आहे. पण लातूर जिल्ह्यात खरिपात जिकडेतिकडे उभं असलेलं सोयाबीन ते खोटं ठरवतं.

फुलोऱ्यातलं रोप मुळासकट उपटून मुळावरची एक गाठ नखानं फोडा. आतून ती गुलाबी निघते. तिथं राहणाऱ्या ब्रॅडीरायझोबियम जिवाणूत मायटोकॉन्ड्रिया नसतो, तरी तो ऑक्सिजन घेऊन श्वसन करतो. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावर जे घडतं, तेच तो स्वतःच्या पेशीपटलावर घडवतो. इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात, त्या ओघात प्रोटॉन बाहेर ढकलले जातात आणि आत परतताना एटीपी सिंथेज फिरवतात. एटीपीची गरजही मोठी आहे: हवेतल्या नायट्रोजनचा एक रेणू अमोनियात बदलायला किमान 16. पेच असा, की हे काम करणारं नायट्रोजिनेज ऑक्सिजननं निकामी होतं. म्हणून गाठीतलं लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूला बेताबेतानं पोचवतं. गुलाबी रंग त्याचाच. नीटची तयारी करणाऱ्या प्रत्येकानं ही गाठ एकदा शेतात उकिडवं बसून पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

तांबड्या पेशीची गोष्ट उलटी. ती आयुष्यभर, म्हणजे सुमारे 120 दिवस, ऑक्सिजन वाहते. स्वतः मात्र वापरत नाही. पक्व होताना तिनं केंद्रक आणि मायटोकॉन्ड्रिया दोन्ही टाकून दिलेले असतात. उरतं ग्लायकोलिसिस. इथं विद्यार्थी हमखास अडखळतात: पायरुव्हेटचं लॅक्टेट होताना एटीपी मिळत नाही. त्या पायरीवर एनएडी मोकळा होतो आणि तो नसेल तर ग्लायकोलिसिसच थांबतं. लॅक्टेट यकृतात जातं, तिथं त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं.

रक्तपेढीतल्या पिशवीला यकृत नाही. म्हणूनच सीपीडीए द्रावणात सायट्रेट आणि फॉस्फेटसोबत पेशींसाठी डेक्स्ट्रोज आणि अॅडेनिन घातलेलं असतं. 2 ते 6 अंश सेल्सिअसला ग्लायकोलिसिस मंदावतं, पण थांबत नाही. लॅक्टेट साचतं, एटीपी घटतो. या द्रावणातल्या रक्ताची मुदत 35 दिवसांची असते.

ग्लायकोलिसिसच्या वाटेवर एक फाटा फुटतो, 2,3-बीपीजीचा. हा रेणू हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावतो. निरोगी माणसाला ते उपयोगाचं आहे. पण किनवट-माहूरकडच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांना तेच बाधतं. त्यांच्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असतं आणि ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून पेशी विळ्यासारखी वाकवतात. त्यातच या रुग्णांच्या पेशींत 2,3-बीपीजी वाढलेलं असतं. पायरुव्हेट कायनेज या ग्लायकोलिसिसच्याच विकराला चालना दिली, तर 2,3-बीपीजी घटतं आणि एटीपी वाढतो. तसं करणारं मिटापिव्हॅट हे औषध या विकराच्या जन्मजात कमतरतेसाठी 2022 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. सिकलसेलच्या रुग्णांवरही त्याच्या चाचण्या झाल्या आहेत.