‘स्टेबल’ म्हणजे बरा नव्हे

अतिदक्षता विभागाचे दार उघडते. डॉक्टर बाहेर येतात आणि घाईघाईत एवढेच सांगतात, ‘‘पेशंट क्रिटिकल आहे, पण स्टेबल आहे.’’ दार पुन्हा बंद होते. बाहेर बाकावर बसलेली आई ‘स्टेबल’ एवढाच शब्द धरते आणि देवाला हात जोडते. थोरला मुलगा ‘क्रिटिकल’ एवढाच शब्द धरतो आणि गावी फोन लावायला धावतो. वाक्य एकच, पण एका घरात त्याचे दोन अर्थ झाले.

इस्पितळातील इंग्रजी नावे आता घरोघरी पोचली आहेत. बीपी, शुगर, स्कॅन, बायपास हे शब्द आजीसुद्धा सहज बोलते. अडते ते विशेषणांपाशी. आजार कोणता ते नाव सांगते, पण तो किती पुढे गेला आहे, परतणारा आहे की नाही, हे विशेषण सांगते. घरातला जो कोणी इंग्रजी शिकलेला असेल तो या विशेषणांचे भाषांतर शाळेतल्या शब्दकोशाप्रमाणे करतो. वैद्यकशास्त्रात आणि कायद्यात मात्र हेच शब्द ठरावीक, कधीकधी अगदी उलट अर्थाने वापरले जातात. पैसे किती जमवायचे, परदेशातल्या मुलीला बोलवायचे की नाही, सहीच्या कागदावर सही करायची की नाही, हे सारे त्या अर्थावर ठरते.

‘स्टेबल’चेच पाहा. रुग्णाच्या प्रकृतीविषयी माहिती देताना कोणते शब्द वापरावेत यासाठी अमेरिकेतील इस्पितळांच्या संघटनेने पाच शब्द सुचवले आहेत. अद्याप न ठरलेली, चांगली, बरी, गंभीर आणि अत्यवस्थ, अशा त्या पाच पायऱ्या. त्यात ‘स्टेबल’ नाही. उलट, तो शब्द प्रकृतीचे वर्णन म्हणून वापरू नये, ‘क्रिटिकल’बरोबर तर नकोच, असे संघटनेचे सांगणे आहे. कारण उघड आहे. ज्याची नाडी, श्वास, रक्तदाब ठिकाणावर नाहीत तो क्रिटिकल; मग तो स्थिर कसा? तरीही आपल्याकडे वृत्तपत्रांत ‘प्रकृती चिंताजनक, पण स्थिर’ हे वाक्य वर्षानुवर्षे छापले जात आहे. डॉक्टरांना त्यातून बहुधा एवढेच म्हणायचे असते, की गेल्या काही तासांत प्रकृती आणखी ढासळलेली नाही. हा रक्तदाब सलाइनमधून चाललेल्या औषधाने टिकलेला असू शकतो, श्वास व्हेंटिलेटरचा असू शकतो. म्हणून नातेवाइकांनी विचारायचा प्रश्न ‘‘बरे आहेत ना?’’ हा नव्हे. ‘‘कशाच्या आधाराने स्टेबल आहेत?’’ हा आहे.

भीती नको तेथे, बेफिकिरी भलतीकडे

‘ॲक्यूट’ आणि ‘क्रॉनिक’ या जोडीने तर अनेक घरांत उलटाच गोंधळ घातला आहे. ॲक्यूट म्हटले की काहीतरी भयंकर, आणि क्रॉनिक म्हणजे जुनेच दुखणे, चालायचेच, असे समजले जाते. वास्तविक हे शब्द आजाराचा जोर सांगत नाहीत, काळ सांगतात. अचानक सुरू झालेला तो ॲक्यूट. साधी सर्दीही ॲक्यूटच असते. दीर्घकाळ रेंगाळणारा तो क्रॉनिक. मूत्रपिंडाला अचानक झालेली इजा वेळेवर उपचार मिळाल्यास पुष्कळदा भरून येते. क्रॉनिक विकारात गेलेली शक्ती सहसा परत येत नाही, उरलेली तेवढी जपावी लागते. पण ‘ॲक्यूट’ ऐकून रात्रीत गाडी करून शहरात धावणारे कुटुंब ‘क्रॉनिक’ लिहिलेला रिपोर्ट कपाटात ठेवून देते. आपल्या भाषेत जुने दुखणे म्हणजे सवयीचे दुखणे, हेही त्याचे एक कारण असावे.

‘पॉझिटिव्ह’ हा शब्द मात्र २०२० सालच्या कोरोनाने साऱ्या देशाला शिकवला. त्यापूर्वी रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्याचे कळताच पेढे आणायला निघालेल्या भाबड्या माणसाचा विनोद सांगितला जाई, आता त्याला कोणी हसणार नाही. त्याच साथीत ‘माइल्ड’चाही अर्थ कळला. केंद्र सरकारच्या उपचारविषयक सूचनांत ज्याला धाप लागत नाही आणि ज्याचा ऑक्सिजन घटलेला नाही तो माइल्ड रुग्ण होता. मग तो आठवडाभर तापाने फणफणला, अंगदुखीने तळमळला, तरी कागदावर सौम्यच. हे माहीत नसल्याने ‘‘डॉक्टर माझा त्रास खोटा समजतात’’ अशी कित्येकांची समजूत झाली.

गाठीचा रिपोर्ट हातात आला की ‘बिनाइन’ हा शब्द शोधला जातो. लॅटिनमध्ये त्याचे मूळ दयाळू या अर्थाचे आहे आणि बहुतेक वेळा तो खरोखरच दिलासा देतो. ही गाठ कर्करोगाची नाही, ती शरीरात इतरत्र पसरणार नाही, असा त्याचा अर्थ. परंतु कवटीच्या आत जागा मोजकीच असते. तेथे वाढणारी बिनाइन गाठही मेंदूवर दाब आणून जीव धोक्यात आणू शकते. अशा वेळी ‘‘बिनाइन आहे ना, मग ऑपरेशन कशाला?’’ असा वाद डॉक्टरांशी घालण्यात वेळ जातो. उलट, एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या अहवालात ‘अनरिमार्केबल’ दिसले तर खट्टू होऊ नये. सांगण्यासारखे काही दोष आढळले नाहीत, असे म्हणण्याची ती पद्धत आहे.

तुटलेला दात आणि फुटलेले डोके

इजेच्या बाबतीत सर्वांत जड विशेषण डॉक्टरांचे नाही, कायद्याचे आहे. ते म्हणजे ‘ग्रीव्हस’. मराठीत त्याला जबर दुखापत म्हणतात. १८६० च्या भारतीय दंड संहितेत तिचे आठ प्रकार सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ते जवळजवळ तसेच आले आहेत. डोळ्याची दृष्टी किंवा कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे, अवयव वा सांधा निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे हे त्यात आहेच. शिवाय हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे हेही आहे. शेवटच्या प्रकारात पूर्वी वीस दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीचे व्यवहार करता न येणे अशी अट होती, ती आता पंधरा दिवसांची झाली आहे.

याचा परिणाम विचित्र दिसतो. भांडणात एकाच्या डोक्याची कातडी फाटली, शर्ट रक्ताने भिजला, सहा टाके पडले, पण हाड शाबूत आहे. तर दाखल्यावर ‘सिंपल’ लिहिले जाऊ शकते. दुसऱ्याचा एक दात पडला, रक्त चमचाभर, तरी ती ‘ग्रीव्हस’. घरचे लोक डॉक्टरांवर संतापतात, पैसे खाल्ल्याचा आरोप करतात. डॉक्टरांनी मात्र रक्त मोजायचे नसते, कायद्याची यादी पाहायची असते.

फरक नुसता शब्दाचा नाही. नुसत्या हाताने केलेल्या मारहाणीत साधी दुखापत असेल तर तो अदखलपात्र गुन्हा ठरतो. पोलीस ‘एनसी’ लिहून घेतात आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. शिक्षा जास्तीत जास्त एक वर्षाची. जाणूनबुजून केलेली जबर दुखापत दखलपात्र आहे आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तेव्हा मार लागल्यावर दात हलत असेल, बोट वाकत नसेल, तर ते तपासणाऱ्या डॉक्टरांना त्याच वेळी सांगून एक्स-रे काढून घ्यावा. टाके घालून घरी आल्यावर चार दिवसांनी आठवले तर ते सिद्ध करणे कठीण जाते.

जिवंत, पण कसे?

जीवन आणि मरण यांच्या सीमेवरची विशेषणे सर्वांत नाजूक. १९७२ मध्ये ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम या दोन डॉक्टरांनी ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ हे नाव रूढ केले. असा रुग्ण डोळे उघडतो, झोपतो, जागा होतो, स्वतः श्वास घेतो; पण स्वतःची वा भोवतालची जाणीव असल्याचे चिन्ह त्याच्यात दिसत नाही. भाजीपाल्याशी नाते सांगणारा हा शब्द माणसाला लावावा का, असा आक्षेप पुढे आला आणि २०१० मध्ये युरोपातील तज्ज्ञांनी त्याऐवजी ‘प्रतिसादाविना जागेपण’ अशा अर्थाचे नाव सुचवले.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला आणि पुढची जवळजवळ ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात होत्या. लेखिका पिंकी विरानी यांच्या याचिकेमुळे हे विशेषण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. तपासणीसाठी नेमलेल्या तीन डॉक्टरांनी त्यांची अवस्था या व्याख्येतील बहुतेक कसोट्यांत बसते असे सांगितले, पण त्या ब्रेनडेड नव्हत्या. इतकी वर्षे त्यांना भरवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या परिचारिकांना तर त्या आपल्यातल्याच एक वाटत. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली, मात्र त्याच निकालाने काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबवण्याचा मार्ग देशात प्रथम मोकळा केला. शानबाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या.

‘ब्रेनडेड’ ही अवस्था मात्र पूर्ण वेगळी. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मस्तिष्कस्तंभाचे कार्य कायमचे थांबल्याचे चार डॉक्टरांचे मंडळ प्रमाणित करते, चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. छाती हलत असते ती व्हेंटिलेटरमुळे, अंग गरम असते. म्हणून घरच्यांना तो कोमाच वाटतो आणि ‘‘कोमातून माणसे उठतात’’ असे कोणीतरी सांगते. कोमातून काही जण उठतातही. पण मस्तिष्कस्तंभ मृत झालेला माणूस परत येत नाही, आणि अवयवदानाचा निर्णय घ्यायला हाती थोडेच तास असतात.

राहिला ‘ब्रॉट डेड’. इस्पितळात आणण्यापूर्वीच मृत्यू, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टरांनी हात लावला नाही असा नव्हे. डॉक्टरांनी रुग्णाला जिवंत पाहिलेलेच नसते, त्यामुळे मृत्यूचे कारण ते सहसा लिहून देत नाहीत. पोलिसांना कळवले जाते आणि बहुधा शवविच्छेदन होते. शोकात बुडालेल्या घराला ही विटंबना वाटते, ओळखीपाळखी काढून ते टाळण्याची धडपड होते. अपघाती मृत्यूचा विमा मागण्याची वेळ आली, की कंपनी बहुधा सर्वांत आधी तोच अहवाल मागते.