जमा, नावे आणि ‘क्ष’

शाळा का सुटली असे विचारले की आपल्या वस्त्यांत ठरावीक उत्तरे मिळतात. घरची गरिबी, लवकर झालेले लग्न, आई-बापाबरोबर ऊसतोडीला जाणे. त्यांच्या जोडीला आणखी एक कारण हळू आवाजात सांगितले जाते : “गणित जमत नव्हतं.” आठवडी बाजाराचा हिशेब तोंडी करणारी बाई पुस्तकात ‘क्ष’ दिसला की वही मिटते. पुढे १७ नंबरचा अर्ज भरून दहावीला बसायचे ठरवले, भरतीची परीक्षा द्यायची म्हटली किंवा मुलीने रात्री उदाहरण विचारले, की जुनी भीती पुन्हा समोर उभी राहते.

वाचकहो, या भीतीत फारसे तथ्य नाही. बीजगणित म्हणजे माहीत नसलेल्या रकमेला तात्पुरते नाव देऊन हिशेब पुढे नेण्याची रीत. ज्याने आयुष्यभर उसनवारी, हप्ते आणि मजुरी यांचा मेळ घातला, त्याला ती शाळकरी मुलापेक्षा लवकर उमगायला हवी.

‘धन’ आणि ‘ऋण’ हे शब्दच पाहा. धन म्हणजे जवळ असलेला पैसा, ऋण म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ च्या आपल्या ग्रंथात अधिक-उणे संख्यांचे नियम याच शब्दांत मांडले. पुढे भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त बीजगणित हा स्वतंत्र भागच आहे. त्या काळी अज्ञात राशीला ‘यावत्-तावत्’ म्हणत. एकाहून अधिक अज्ञात राशी असल्या तर त्यांना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावे देत. आपला ‘क्ष’ तेच काम करतो. एवढी विद्या या देशात होती, पण ती कष्टकऱ्याच्या दारापर्यंत आली नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली मजूर-शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबलेला माणूसही शिकू शकतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आता आपल्या बीड जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथले मजूर उचल घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. समजा, एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, १,००,००० रुपये उचल घेतली. दर टनाला ४०० रुपये आणि रोजची तोड २ टन धरली, तर दिवसाला ८०० रुपये होतात. किती दिवसांत उचल फिटेल? दिवस माहीत नाहीत म्हणून त्यांना ‘क्ष’ म्हणू. ८०० क्ष = १,००,०००. दोन्ही बाजूंना ८०० ने भागले की क्ष = १२५. तागडीच्या एका पारड्यात जे कराल तेच दुसऱ्यातही करायचे, एवढाच यातला नियम.

आता खाडा आणू. हंगाम १५० दिवसांचा, आणि कामावर न गेल्यास दिवसाला ५०० रुपये दंड धरू. खर्चीचे पैसे सोयीसाठी बाजूला ठेवू. खाड्याच्या दिवसांना ‘क्ष’ म्हटले, तर कामाचे दिवस १५० − क्ष. मग हिशेब असा :

८०० (१५० − क्ष) − ५०० क्ष − १,००,०००

कंस सोडवला की उरते २०,००० − १,३०० क्ष. म्हणजे एका खाड्याची खरी किंमत ५०० नाही, १,३०० रुपये आहे. दंड तर गेलाच, शिवाय त्या दिवसाची मजुरीही गेली.

हंगामाच्या शेवटी मुकादम म्हणाला, “तुमच्याकडेच ६,००० रुपये निघतात.” तर समीकरण होते २०,००० − १,३०० क्ष = −६,०००. १,३०० क्ष = २६,०००, म्हणजे क्ष = २०. वहीत २० खाडे लावले आहेत, हे आता उघड झाले. घरच्या कॅलेंडरवर १२ च खुणा असतील, तर २०,००० मधून १५,६०० वजा जाऊन उलट ४,४०० रुपये आपल्यालाच मिळायला हवेत. एका ‘क्ष’ने १०,४०० रुपयांचा फरक दाखवला.

उणे गुणिले उणे अधिक कसे, हा मोठ्या माणसांचा नेहमीचा प्रश्नही इथेच सुटतो. ५०० रुपयांचा दंड म्हणजे −५००. चुकीने लावलेले ३ दंड रद्द केले, म्हणजे −३ वेळा. (−३) × (−५००) = १,५००. कर्ज रद्द होणे म्हणजे तेवढा पैसा मिळणेच.

खाड्याचा प्रश्न केवळ पैशांचा नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दुखणे अंगावर काढावे लागण्यामागे खाड्याच्या दंडाची धास्ती हेही एक कारण असल्याची चर्चा तेव्हा सर्वत्र झाली. एकट्या समीकरणाने ही प्रथा बंद होणार नाही. पण आपले किती नुकसान होते हे आकड्यांत सांगता आले, तर मागणीला वजन येते.

मग सुरुवात कुठून करावी? थेट दहावीचे पुस्तक उघडू नये. अपूर्णांक कच्चे असतील तर पाचवीच्या पुस्तकापासून लागावे, मग सहावीतील सोपी समीकरणे, त्यानंतर कंस, आणि आठवीतील एकचल समीकरणे. त्यानंतर दहावीच्या पहिल्या भागातील दोन चलांची समीकरणे अवघड वाटत नाहीत. बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. रोज अर्धा तास पुरे, मात्र पेन हातात हवे. नुसते वाचून गणित येत नाही. उत्तर आले की ते मूळ समीकरणात घालून ताळा करावा. ताळा जमला की उत्तर बरोबर आहे हे सांगायला गुरुजींची गरज उरत नाही.

कचेरीत कारकुनी करताना मी रोज जमा-नावे लिहितो. बीजगणित त्याहून फार वेगळे नाही, हे वस्तीतल्या बायाबापड्यांना सांगितले की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. घरात शिकणारी लेकरे असतील तर त्यांच्याच शेजारी वही घेऊन बसावे. आईही उदाहरण सोडवते आहे, खोडते आहे, पुन्हा मांडते आहे, हे पाहिलेल्या मुलीला गणिताचे भय उरणार नाही. आणि पुढच्या हंगामात उचल घेताना कॅलेंडर, वही व पेन गाठोड्यात बांधायला मात्र विसरू नये.